गुडघ्याचा दर ठरला, निकाल कधी कळणार?

"आईचे दोन्ही गुडघे करायचेत, कुठे करू?" हा प्रश्न नात्यागोत्यात, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात डबा खाताना सारखा कानावर येतो. उत्तरंही तयार असतात. "अमक्या डॉक्टरांचा हात फार चांगला आहे." "माझ्या मावशीचं तिथेच झालं, दोन महिन्यांत देवदर्शनाला जाऊन आली." "तिकडे अजिबात जाऊ नका, शेजारच्या काकांना इन्फेक्शन झालं, वर्षभर हाल झाले." विचारणाऱ्याला धीर येतो, कारण सांगणारा ओळखीचा असतो. पण मावशी एकच आणि काकाही एकच. त्याच रुग्णालयात त्याच वर्षी ज्या शे-दोनशे लोकांचे गुडघे बदलले, त्यांचं पुढे काय झालं, हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसतं. बहुतेक वेळा ते रुग्णालयालाही माहीत नसतं.

गुडघेबदलाचं ऑपरेशन ठरवताना घरच्यांना बरंच काही सांगितलं जातं. पॅकेज किती, खोली कुठल्या वर्गाची, इम्प्लांट देशी की परदेशी, रोबोटने करायचं तर वरचे किती, कॅशलेस होईल का. जे सांगितलं जात नाही ते असं: गेल्या वर्षी इथे गुडघा बदललेल्यांपैकी कितीजणांच्या सांध्यात पू झाला? कितीजणांना वर्षाच्या आत पुन्हा ऑपरेशन टेबलावर घ्यावं लागलं? नव्वद दिवसांच्या आत कितीजण दगावले? आणि सहा महिन्यांनी कितीजण आधार न घेता जिना उतरत होते? या चार प्रश्नांची आकड्यांतली उत्तरं प्रत्येक रुग्णालयाने द्यावीत, सरकारने ती तपासून लोकांसमोर मांडावीत, आणि हे कायद्याने बंधनकारक असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐच्छिक ठेवून हे होणार नाही. गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने ते पुरेसं दाखवून दिलं आहे.

आधी ऑपरेशनविषयी. गुडघेबदल ही आधुनिक वैद्यकाने दिलेल्या उत्तम देणग्यांपैकी एक आहे. रात्री कूस बदलताना कळवळणारी, बाथरूमपर्यंत जायला भिंत धरणारी माणसं या ऑपरेशननंतर बाजारात जाऊन येतात. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे कुणाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतात. ऑपरेशन झालेल्या साधारण पाचांपैकी एकजण निकालाबद्दल समाधानी नसतो. कुणाचं दुखणं राहतं, कुणाचा गुडघा आखडतो, कुणाला तो आपला वाटतच नाही. हे असमाधान सगळ्या रुग्णालयांत सारखं वाटलं गेलेलं नसतं, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

ब्रिटनमधलं एक प्रकरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. वेल्समधल्या कार्डिफला गुडघ्यांच्या ऑपरेशनांची प्रतीक्षायादी फार लांबली होती. ती कमी करायला २००४ ते २००६ या काळात दोनशेहून अधिक रुग्णांना खाडीपलीकडे, इंग्लंडमधल्या वेस्टन-सुपर-मेअर इथल्या उपचार केंद्रात पाठवलं गेलं. सरकारी खर्चाने, जुन्या आणि परिचित बनावटीचा सांधा बसवून ऑपरेशनं झाली. पुढे दुखणारे, डळमळणारे गुडघे घेऊन लोक परत कार्डिफच्याच डॉक्टरांकडे येऊ लागले. त्या डॉक्टरांनी सगळ्या रुग्णांना शोधून तपासलं तेव्हा पहिल्या तीन वर्षांतच पुन्हा ऑपरेशन कराव्या लागलेल्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. अनेक ठिकाणी सांधा नीट रेषेत बसलेला नव्हता. २००९ मध्ये त्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकात छापलं. सांधा ठीक होता, रुग्ण त्याच शहरातले होते. बदललं होतं ते ऑपरेशनचं ठिकाण आणि तिथली कामाची पद्धत.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की रुग्ण परत एकाच दारात आले म्हणून ते उघडकीला आलं. आपल्याकडे काय होतं? ज्याचा गुडघा बिघडला तो पहिल्या डॉक्टरांकडे दोन-तीन वेळा जातो, "व्यायाम करा, वेळ लागतो" ऐकतो, मग वैतागून दुसऱ्या शहरात दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. पहिल्या डॉक्टरांच्या दृष्टीने तो रुग्ण यायचा थांबला, म्हणजे बरा झाला. चांगल्या, प्रामाणिक सर्जनलाही स्वतःचं अपयश अशा रीतीने दिसतच नाही. मग दवाखान्याबाहेरच्या फलकावर "९९ टक्के यशस्वी शस्त्रक्रिया" लिहिलं जातं. लिहिणारा कदाचित मनापासून लिहीत असेल. पण यशस्वी म्हणजे काय? टाके भरले, माणूस वॉकर घेऊन घरी गेला, एवढंच? मग असं यश जवळपास प्रत्येकाला मिळतं. गुडघ्याचा खरा निकाल सहाव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी, दहाव्या वर्षी लागतो, आणि तोवर फाइल रद्दीत गेलेली असते.

स्वीडनने हे १९७५ मध्ये ओळखलं. देशात बसवलेला प्रत्येक गुडघा एका राष्ट्रीय नोंदवहीत टिपायला त्यांनी तेव्हापासून सुरुवात केली. तिथे प्रत्येक नागरिकाला जन्मभराचा एक क्रमांक असतो. त्यामुळे गुडघा एका गावात बसवला आणि पंधरा वर्षांनी दुसऱ्या टोकाला काढावा लागला, तरी दोन्ही नोंदी जुळतात. पुढे नॉर्वेने १९८७ मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सने २००३ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या अशाच नोंदवह्या सुरू केल्या. स्वीडनची आजची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची ९४ लाखांवर होती. म्हणजे कामाचा आवाका आपल्या आवाक्याबाहेरचा नाही. एका जिल्ह्याएवढा देश इंटरनेट नसताना जे करू शकला, ते आधार, यूपीआय आणि कोविनचं जाळं उभारणाऱ्या देशाला जमणार नाही असं म्हणायला जागा नाही.

अशी नोंदवही नसली की काय होतं, याचा धडा आपल्याला खुब्याच्या सांध्याने दिला आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा जगभर बसवला गेला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते, आजूबाजूचं मांस खराब होत होतं. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत हा सांधा इतरांपेक्षा लवकर काढावा लागतोय हे आकड्यांत दिसलं. तिथून तो २००९ च्या अखेरीस मागे घेतला गेला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून परत बोलावला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या प्रकरणी पोलिसांत तक्रार केली, हे आपल्या राज्याच्या दृष्टीने अभिमानाचं. पण केंद्राने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हिशेब मांडला तेव्हा भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनांत हा सांधा वापरला गेला होता, आणि त्यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. शरीरात सदोष धातू घेऊन फिरणारी ३,६०० माणसं. त्यांना कळवायचं तर कुणाला आणि कुठे?

खरं तर प्रत्येक सांध्याच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. त्यावर कंपनी, बनावटीचा क्रमांक, माप, लॉट नंबर आणि बारकोड छापलेला असतो. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर त्या सोलून केसपेपरवर चिकटवते. गुडघ्यात मांडीच्या हाडाचा भाग, नडगीच्या हाडाचा भाग, मधली प्लॅस्टिकची गादी आणि कधी वाटीचा भाग अशा तीन-चार पट्ट्या असतात. म्हणजे ज्या माहितीवर सगळी नोंदवही उभी राहते, ती माहिती ऑपरेशनच्या दिवशी प्रत्येक रुग्णालयात कागदावर असतेच. ती तिथून पुढे जात नाही. अनेकदा रुग्णाच्या हातात दिलेल्या डिस्चार्ज कार्डावरही ती नसते, फक्त "टोटल नी रिप्लेसमेंट, उजवा" एवढंच लिहिलेलं असतं. भारतात खुबा आणि गुडघ्याच्या शल्यविशारदांच्या संघटनेने पुढाकार घेऊन स्वतःची नोंदवही सुरू केली, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण ती ऐच्छिक आहे. ज्याचं काम आधीच चांगलं आहे तो नोंद पाठवतो, ज्याच्याबद्दल कळायला हवं तो पाठवत नाही.

१६ ऑगस्ट २०१७ ला सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा सरासरी १ लाख ५८ हजारांच्या छापील किमतीला विकला जात होता, तो ५४,७२० रुपयांवर आला. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूचा अडीच लाखांवरून ७६,६०० वर. कर वेगळा. त्या निर्णयाने असंख्य कुटुंबांना दिलासा मिळाला, आणि तो निर्णय योग्यच होता. आयात, वितरण आणि रुग्णालय या साखळीत किती नफा मुरत होता, हे त्या वेळी पहिल्यांदा लोकांना आकड्यांत दिसलं. मात्र मर्यादा सांध्याच्या तुकड्यांवर होती. ऑपरेशन, खोली, भूल, औषधं, "तंत्रज्ञान शुल्क" यांवर नव्हती. आणि निकालाबद्दल तर एक शब्दही नव्हता. सरकारने गुडघ्याचा भाव ठरवला, पण तो गुडघा बसवल्यावर माणूस चालतो की नाही, हे विचारलं नाही.

किंमत बांधली गेल्यावर स्पर्धा कशात होणार? जाहिरातीत. "सोनेरी गुडघा", "तीस वर्षांची हमी", "हाय फ्लेक्स, मांडी घालता येते", "रोबोटिक, शून्य चूक" असे शब्द तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत पोचले आहेत. यातली एकेक गोष्ट तपासायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. हाय फ्लेक्स सांधा आणि साधा सांधा यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत गुडघा वाकण्यात लक्षणीय फरक आढळलेला नाही. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता, यावरच पुढचं वाकणं बरंचसं अवलंबून असतं. रोबोटमुळे हाड ठरवलेल्या रेषेत अधिक अचूक कापलं जातं हे खरं. पण त्यामुळे रुग्णाचं दुखणं नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त कमी होतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. निकालाचे आकडे समोर नसले की माणूस यंत्राच्या चकाकीवरून रुग्णालय निवडतो. त्याचा यात काही दोष नाही. त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नाही.

यंत्रापेक्षा फरक पाडतात त्या गोष्टी फार साध्या आहेत. ऑपरेशनच्या आधी साखर आटोक्यात आणली का, रक्त कमी होतं ते वाढवलं का, दातातला किंवा लघवीतला जंतुसंसर्ग तपासला का, चिरा देण्याआधी ठरल्या वेळी अँटिबायोटिक दिलं का, थिएटरमध्ये माणसांची ये-जा किती होती, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय केलं, रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं केलं का. जिथे वर्षाला अगदी मोजकी ऑपरेशनं होतात तिथे गुंतागुंत जास्त होते, हेही अनेक देशांच्या नोंदींत दिसून आलं आहे. आणि मग घरी गेल्यानंतरचे सहा आठवडे. बुलढाण्याची किंवा बीडची बाई पुण्याला येऊन गुडघा करून जाते, चौथ्या-पाचव्या दिवशी गाडीत बसून गावी परतते, आणि तिथे फिजिओथेरपिस्ट नसतो. मुलगा कामावर, सून शेतावर, आणि हिला कळत नाही की दुखत असतानाही गुडघा वाकवायचाच असतो. तिसऱ्या महिन्यात तो नव्वद अंशांपर्यंतही येत नाही. कागदावर हे ऑपरेशन यशस्वी. एसटीची पायरी मात्र तिला चढता येत नाही.

म्हणूनच नुसतं "किती गुडघे पुन्हा काढावे लागले" एवढं मोजून भारतात भागणार नाही. स्वीडनमध्ये गुडघा बिघडला तर माणूस पुन्हा ऑपरेशन करून घेतो, कारण खर्च सरकार करतं. आपल्याकडे पहिल्या ऑपरेशनसाठी ज्याने दागिने मोडले, तो दुसऱ्यासाठी कुठून आणणार? दुसरं ऑपरेशन अवघड असतं, इम्प्लांटही महाग. २०१७ च्या आदेशातही त्याची मर्यादा १,१३,९५० रुपये होती. तो माणूस काठी घेतो आणि सोसतो. नोंदवहीत त्याचा गुडघा "टिकला" असाच दिसेल. गरिबी अशी यशाच्या आकड्यात लपून बसू शकते, आणि हे टाळायचं तर रुग्णालाच विचारावं लागेल.

इंग्लंडमध्ये २००९ पासून सरकारी खर्चाने गुडघा बदलणाऱ्या रुग्णाला ऑपरेशनच्या आधी आणि सुमारे सहा महिन्यांनी तेच बारा प्रश्न विचारले जातात. ऑक्सफर्ड नी स्कोअर म्हणतात त्याला. अंघोळ करून अंग पुसताना त्रास होतो का, गाडीत चढता-उतरता येतं का, जेवून खुर्चीवरून उठताना किती दुखतं, रात्री दुखण्याने जाग येते का, गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, सामान आणायला एकट्याने जाता येतं का, एक जिना उतरता येतो का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. आधीचे गुण आणि नंतरचे गुण यांतला फरक म्हणजे त्या माणसाला झालेला फायदा. त्याची रुग्णालयवार सरासरी जाहीर होते. याला ना एक्स-रे लागतो, ना यंत्र. मराठीत हे बारा प्रश्न फोनवर विचारायला आशाताईला किंवा रुग्णालयातल्या समन्वयकाला दहा मिनिटं लागतील. त्यात आपले दोन-तीन प्रश्न घालावे लागतील: जमिनीवर बसून उठता येतं का, देशी संडास वापरता येतो का, एसटीत चढता येतं का. डॉक्टर मांडी घालू नका असं बजावतात, तरी ज्या घरात खुर्चीच नाही त्या घरातल्या बाईचा निकाल या प्रश्नांशिवाय कळणार नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप सर्जन मंडळींचा आहे, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. ते म्हणतात, निकाल जाहीर केले तर डॉक्टर अवघड रुग्ण घेणंच बंद करतील. ज्याला मधुमेह आहे, वजन जास्त आहे, गुडघे धनुष्यासारखे वाकलेत, त्याला "दुसरीकडे जा" सांगतील. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयाच्या बायपासचे निकाल गोळा करून पुढे जाहीर केले, तेव्हाही हीच भीती व्यक्त झाली होती, आणि ती निराधार नव्हती. शिवाय आपल्याकडे रुग्ण फार उशिरा येतात, वाकडे गुडघे जास्त, दोन्ही एकदम करायची मागणी जास्त. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात येणारा रुग्ण आणि पंचतारांकित रुग्णालयातला रुग्ण यांची कच्ची तुलना केली तर सरकारी रुग्णालयावर अन्याय होईल. हे सगळं खरं आहे. म्हणून कच्चे आकडे टांगायचे नसतात. वय, आजार, गुडघ्याची आधीची अवस्था, एक की दोन्ही, हे धरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याच्याशी ताडून पाहायचा, अशी रीत आता सर्वत्र रुळली आहे. अमेरिकेतली मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना २०१३ पासून खुबा आणि गुडघा मिळून रुग्णालयवार गुंतागुंतीचं प्रमाण असंच दुरुस्त करून जाहीर करते. तिथे मुदतीही ठरलेल्या आहेत: हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया किंवा रक्तातला संसर्ग सात दिवसांत, रक्तस्राव, फुप्फुसात गुठळी किंवा मृत्यू तीस दिवसांत, सांध्याचा संसर्ग किंवा सांधा निखळणं नव्वद दिवसांत. अवघड रुग्णाला अवघड म्हणून मोजलं तर त्याला टाळायचं कारण बरंच कमी होतं.

दुसरा आक्षेप छोट्या रुग्णालयांचा. वर्षाला वीस गुडघे करणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरकडे एकालाच संसर्ग झाला तर त्याचं प्रमाण पाच टक्के दिसेल. हजार करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात दहाजणांना झाला तरी एकच टक्का. हा तर निव्वळ नशिबाचा खेळ, असं ते म्हणतात, आणि गणित त्यांच्या बाजूने आहे. संसर्गाची खरी शक्यता एक टक्का असली, तरी वीस ऑपरेशनांत किमान एकाला तो होण्याची शक्यता अठरा टक्के असते. म्हणजे अगदी निर्दोष काम करणाऱ्या अशा शंभर डॉक्टरांपैकी अठरांच्या वाट्याला त्या वर्षी हा डाग येईलच. इंग्लंडची नोंदवही म्हणून नरसाळ्याच्या आकाराचा आलेख वापरते: ऑपरेशनं कमी तर चढ-उताराला मुभा जास्त, ऑपरेशनं वाढतील तशी मुभा कमी. त्या नरसाळ्याच्या बाहेर जो पडेल त्यालाच विचारणा होते, आणि तीही आधी खासगीत, त्याचे कागद तपासून. आपणही सुरुवातीची तीन वर्षं फक्त रुग्णालयांचे आकडे जाहीर करावेत, डॉक्टरांची नावं नकोत, आणि वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा कमी ऑपरेशनं करणाऱ्यांचे आकडे तीन वर्षांचे मिळून द्यावेत. पण "आम्ही छोटे आहोत म्हणून मोजूच नका" हे मान्य करता येत नाही. छोट्या रुग्णालयातल्या रुग्णाचा गुडघाही पूर्ण गुडघाच असतो.

खोटे आकडे पाठवतील, असंही लोक म्हणतात. पाठवतील काहीजण. पण इम्प्लांटची विक्री कंपनीकडे नोंदलेली असते, विम्याचा दावा विमा कंपनीकडे असतो, योजनेतलं ऑपरेशन राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे असतं, मृत्यूची नोंद महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असते. एका आयुष्मान आरोग्य खाते क्रमांकावर या नोंदी रुग्णाच्या संमतीने जुळवल्या, की विकलेले सांधे आणि कळवलेली ऑपरेशनं यांतली तफावत लगेच दिसेल. रुग्णाचं नाव कुठेही जाहीर होण्याचं कारण नाही. खर्चाचाही बाऊ नको. इंग्लंडने सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक सांध्यावर छोटा अधिभार लावून नोंदवही चालवली. देशात वर्षाला एक लाख ऑपरेशनं धरली आणि प्रत्येकी २०० रुपये घेतले, तरी दोन कोटी होतात. लाखाच्या घरात जाणाऱ्या बिलात २०० रुपये कुणालाही जड नाहीत.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागणार नाही. रुग्णालयांच्या नोंदणीसाठीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा आपण स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो, आणि त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं गेलं. त्याच नियमांत एक कलम वाढवता येईल: सांधे बदलणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने चिकटपट्टीवरचा क्रमांक, नव्वद दिवसांतली गुंतागुंत आणि सहा महिन्यांनंतरचे गुण राज्याच्या नोंदवहीत भरल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होणार नाही. इम्प्लांटची पूर्ण माहिती असलेलं कार्ड रुग्णाच्या हातात देणं हेही त्याच कलमात यावं. दुसरी किल्ली याहून मोठी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून सरकार स्वतः उपचारांचे पैसे देतं. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला माल कसा निघाला हे विचारायचा अधिकार असतो, आणि इथे तो खिसा आपल्या सगळ्यांचा आहे. पुढच्या करारात योजनेतल्या रुग्णालयांसाठी ही अट घातली, तर वर्षभरात पहिले आकडे हातात येतील.

तोवर ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरतंय त्यांनी डॉक्टरांना संकोच न करता विचारावं. तुम्ही वर्षाला किती गुडघे करता? गेल्या वर्षी कितीजणांना संसर्ग झाला? कितीजणांना पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं? सहा महिन्यांनी तुम्ही रुग्णांना फोन करता का, आणि त्यांनी काय सांगितलं ते कुठे लिहून ठेवता का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. माझ्या माहितीतले काही डॉक्टर वही उघडून आकडे दाखवतात, त्यात अपयशही असतं, आणि ते का आलं हेही सांगतात. अशा डॉक्टरांना आज जाहिरात करणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं आहे, कारण त्यांच्या वहीला कुठलीही सरकारी मान्यता नाही.